कूलरमधले लंगोट

माझ्या धाकट्या भावाचे लंगोट माझ्या लंगोटांपेक्षा लवकर वाळत. (लंगोट अर्थात लेकरांचे. त्याचा ओम आणि माझी चिऊ एकाच महिन्यात जन्मली.) एवढ्याशा गोष्टीवरून माणसाची झोप उडू नये, पण माझी उडाली होती.

पडेगावच्या आमच्या घरात मी खाली राहतो, बाळू वर. लेकरांना प्लास्टिक लावायचं नाही, असं आईचं फर्मान होतं. म्हणून दोन्ही सुनांनी नव्या तऱ्हेचे कापडी डायपर मागवले: बाहेरून हत्ती-घोड्यांची चड्डी आणि आत ओल शोषून घेणारी जाड पट्टी. बायकोची रजा संपली आणि धुणं-वाळवणं माझ्याकडे आलं. मी चिकलठाण्याच्या कारखान्यात रंग वाळवायची भट्टी सांभाळतो. गाड्यांचे पत्रे वाळवणाऱ्या माणसाला वीतभर पट्टी काय जड!

जड गेली. मृग लागला, ऊन गायब झालं आणि पट्ट्या दोरीवर लोंबकळत राहिल्या. वरून कोरड्या वाटायच्या, दाबलं की आत ओल. एक तव्यावर शेकली, तर घरभर पोळी करपल्याचा वास. आणि वर बाळूच्या गॅलरीत बघावं तर पांढऱ्याशुभ्र, कडकडीत पट्ट्यांची रांग! बाळू जमिनीची दलाली करतो. त्याला वाळवण्यातलं काय कळतं?

आई रोज वर चक्कर मारून यायची आणि माझ्या दोरीपाशी थांबायची.

"बाळूच्या पट्ट्या बघ, पापडावानी वाळल्यात. अन् तू म्हणं इंजिनियर."

लहानपणी त्याला दुधावरची साय जास्त मिळायची, तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं. शेवटी लाज गुंडाळून मी त्यालाच विचारलं. तो इकडंतिकडं बघत म्हणाला, "काय नाय दादा, वरती वारं लागतं."

वारं! मला वाट सापडली. आमचा लोखंडी कूलर हॉलच्या खिडकीबाहेर उभा होता. कूलर तिन्ही बाजूंनी हवा ओढतो. मी त्याच्या झडपांआडचं गवत काढून टाकलं, त्या जाळ्यांवर ओल्या पट्ट्या चिमट्यांनी लावल्या, टाकी कोरडी ठेवली आणि नुसता पंखा सोडला. दुपारपर्यंत पट्ट्या खडखडीत!

आईनं पट्टी गालाला लावून पाहिली. म्हणाली, "व्हय की, वाळली." हे जिन्यात बाळूलाही ऐकू जावं म्हणून मी तिला आणखी एकदा विचारलं.

पुढच्या रविवारी दोन्ही लेकरांचं जावळ होतं. जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर बसतं, भोवती सगळे नातेवाईक. चिऊनं त्या मांडीवर कोरडं राहायला हवं होतं. (ओम भिजला तर माझी हरकत नव्हती.) आदल्या रात्री सगळ्या पट्ट्या धुतल्या, सकाळी कूलरमध्ये लावल्या, पंखा सोडला आणि न्हाव्याला आणायला गेलो.

परत आलो तर हॉल गारेगार. पाहुणे खुशीत होते. चिऊचा मामा दिगंबर, फुलंब्रीचा शेतकरी गडी, नवा पांढरा सदरा घालून कूलरसमोर बसला होता. हातात रिकामी बादली.

"दाजी, कूलर कोरडाच फिरू लागला होता," तो म्हणाला. "म्या ड्रममधलं पाणी भरलं अन् पंप चालू केला. पण गवत कुठून आणलं वो? लई पाणी धरतंय."

नातेवाइकाच्या घरात कोरडा कूलर दिसला की आमच्याकडचा माणूस न सांगता पाणी भरतो. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. एक आत्या डोळे मिटून म्हणाली की वाळ्याचा वास जरा वेगळाच आहे. मी मान डोलावली. खिडकीबाहेर माझ्या सगळ्या पट्ट्या टपटप गळत होत्या.

न्हाव्यानं वस्तरा काढला होता. मी वर धावलो. बाळूकडे मागायचं म्हणजे नाक कापून हातात देणं, पण चिऊसाठी तेही केलं. आणि बाळू, ज्यानं ही संधी साधून मला चार शब्द ऐकवायला हवे होते, तो दोरीच्या आडवा उभा राहिला!

"दादा, ह्या नको. ह्या... ओमच्या अंगच्या हायेत."

याला पट्टी द्यायचंही जिवावर येतंय, या रागानं मी त्याला बाजूला सारलं, सगळ्यात कडक दिसली ती ओढली आणि खाली येऊन चिऊला घातली. चिऊ मामाच्या मांडीवर बसली. न्हाव्यानं पहिली बट कापली. चिऊनं भोकाड पसरलं आणि त्याच दमात सगळं सोडून दिलं. पट्टीनं थेंबही धरला नाही. दिगंबरचा सदरा, धोतर, खालचा पाट, सगळं न्हाऊन निघालं. शेजारी आपल्या मामाच्या मांडीवर ओम कोरडा ठणठणीत बसून हसत होता.

बायकोनं पट्टी काढली, बोटांनी चोळली आणि माझ्यामागून खाली आलेल्या बाळूकडे पाहिलं. "भावजी, ही तर कोरी आहे. चार वेळा धुतल्याशिवाय ही पाणी धरत नाही. तुम्ही धुतलीच नाहीत कधी?"

आईनं ओमला उचललं आणि त्याची हत्तीची चड्डी दाबली. आत प्लास्टिक कुरकुरलं. दोरीवरच्या पट्ट्या नुसत्या आईला दाखवायला होत्या. ज्या कधी ओल्याच झाल्या नाहीत, त्यांच्या वाळण्यावर मी महिनाभर जळत होतो!

आता बाळूची कशी जिरते ते बघायला मी आईच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग निथळणाऱ्या दिगंबरकडे, मग माझ्याकडे.

"बाळ्या लबाड हाय," ती म्हणाली. "पण त्यानं लेकरू कोरडं ठिवलं. तू खऱ्यानं वागून पावणा भिजवलास. आता चार लोकांत नेताना लावा ते प्लास्टिक, दोघंबी."

म्हणजे चोरी पकडली गेली, तरी जिंकला तोच!

संध्याकाळी मी गुपचूप मेडिकलवर गेलो आणि डायपरचं पाकीट घेतलं. वळलो तर मागे बाळू, बगलेत त्याहून मोठं पाकीट. मी परत काउंटरकडे वळलो आणि म्हणालो, "हे बदलून द्या. सगळ्यात मोठं कोणतं आहे?"