साडीच्या पट्ट्या

सून म्हणते, "बाबा, फेका त्या चिंध्या." मी फेकणार नाही. आज सायकल काढताना खुंटीवरून पट्ट्या घेतल्या, तर मिरचीचा वास आला. कोणाला येवो न येवो, मला येतो.

तरुणपणी मी रनाळ्याहून सायकलीने नंदुरबारला, मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला जायचो. पायजमा चेनमध्ये अडकू नये म्हणून बायकोने स्वतःची लाल साडी फाडून पायाला बांधायला दोन पट्ट्या दिल्या. पथारीवरचे गडी हसले, "काय भो, बायकोनी पाय बांधीसन धाडं का तुले?" मी लाजलो. परत येताना पट्ट्या खिशात घातल्या. पायजमा चेनमध्ये गेला, मी पडलो, गुडघा फुटला.

तिने रक्त पुसलं आणि एवढंच विचारलं, "कोन हसनं?"

दुसऱ्या दिवशी ती कॅरियरवर बसून पथारीवर आली. सगळ्या गड्यांसमोर खाली बसून तिने माझ्या पायांना पट्ट्या घट्ट बांधल्या आणि उठून म्हणाली, "हसा आते. मी उभी शे आठे."

आणि ती तिथेच उभी राहिली. कोणी हसलं नाही. मला मात्र तिचाच राग आला. दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. ते दोन दिवस मी फुकट घालवले.

आता ती नाही. मी पट्ट्या घरात बांधत नाही. गावच्या चौकात, माणसं बसलेली असतात तिथे सायकल उभी करतो आणि सावकाश बांधतो.