सुट्टीत दाखवू

सौदीतल्या राबिघमध्ये दातांची डॉक्टर म्हणून काम करताना मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर तो 'सुट्टीत दाखवू' या दोन शब्दांचा. हिरडीतून रक्त येतंय, सुट्टीत दाखवू. गार पाणी झोंबतंय, सुट्टीत दाखवू. सुट्टी वर्षातून एकदा. तोवर जे काम सिमेंट भरून भागलं असतं त्याचं रूट कॅनाल होतं, रूट कॅनालने वाचली असती ती दाढ काढावी लागते, आणि मग ही मंडळी नाशिक-पुण्याला जाऊन अर्धी सुट्टी दवाखान्याच्या खुर्चीत आ वासून घालवतात. परत आली की मलाच सांगतात, "मॅडम, सुट्टी कुठे गेली कळलंच नाही."

चंद्रशेखर गायधनी हे या पंथाचे महंत. रिफायनरीत इन्स्पेक्शन इंजिनिअर. कुठला पाइप आतून गंजलाय, कुठली भिंत झिजलीये ते तपासायचं आणि गळती व्हायच्या आत दुरुस्त करून घ्यायचं, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. मूळचे नाशिकचे, पन्नाशी ओलांडलेले, शिडशिडीत, आणि बोलायला इतके कमी की आमच्या वसाहतीतल्या जेवणात त्यांच्या शेजारी बसलेला माणूस शेवटी ताटातल्या भाजीशी बोलू लागतो. मुलगी तन्वी पुण्यात नोकरीला, बायको नाशिकला, आणि हे इथे कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटे. भेटले की मी म्हणायची, "गायधनी, एकदा येऊन दात तपासून जा." ते मान हलवायचे आणि तेच दोन शब्द म्हणायचे.

एका गुरुवारी दुपारी ते आपणहून क्लिनिकमध्ये आले, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय. उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता.

"एखादी गोळी द्या. तीन आठवड्यांनी सुट्टी आहे. तोवर दाढ दुखायची थांबली की बस, खलास."

"आधी आ करा," मी म्हटलं. भाषण माझं तयारच होतं.

तोंड बघितलं आणि भाषण गिळावं लागलं. दात निगा राखलेले, हिरड्या घट्ट. चार दाढांमध्ये जुनं सिमेंट भरलेलं, पण काय भरलेलं! कडेवरून सुई फिरवली तर कुठे अडकत नव्हती. दाढेवरचे उंचवटे, मधल्या खाचा, सगळं जसंच्या तसं कोरलेलं. आम्ही घाईत लिंपून मोकळे होतो. इथे कोणीतरी जीव ओतून काम केलं होतं.

"कोणी केलंय हे?"

सुजलेल्या गालातूनही माणूस हसला. "मंजिरीने. माझी बायको. डेंटिस्ट आहे ती."

आणि तो मुखदुर्बळ माणूस बोलायला लागला. मंजिरीताई लग्नानंतर दोन वर्षं इथे राहिल्या होत्या, पण हाताला काम नाही म्हणून बेचैन व्हायच्या. शेवटी नाशिकला परत जाऊन त्यांनी दवाखाना काढला. तेव्हापासून यांचा एक नेम. सुट्टीवर पोचलं की पहिल्या रविवारी, दवाखाना बंद असताना, दोघांनीच तिथे जायचं. ती सगळे दात तपासणार, कीटण काढणार, कुठे कीड दिसली तर भरणार. "आमच्याकडे दुरुस्तीसाठी प्लांटचा शटडाउन असतो ना, तसा हा माझा शटडाउन," ते म्हणाले.

"आणि ते करताना ती बोलते. वर्षभराचं. फोनवर नाही सांगत. सासूशी काय झालं, तन्वी कुठल्या विषयात गचकली, माझं काय चुकलं. माझं तोंड उघडं, त्यात नळी. मला उत्तर देता येत नाही." मग म्हणाले, "घरी अहो-जाहो करते. त्या खुर्चीत मात्र अरे-तुरे."

मला हेवा वाटला. स्पष्टच सांगते. माझा नवरा शिरीष माझ्यासोबत याच गावात राहतो आणि दात दाखवायला दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. म्हणतो, तू रागावतेस.

मी एक्स-रे काढला. खालच्या उजव्या बाजूच्या दाढेत, त्या सुरेख सिमेंटच्या खाली, एका कडेने कीड आत शिरून मुळापर्यंत पोचली होती. सिमेंट कितीही चांगलं असो, कधीतरी कडा सुटतेच. म्हणून तर वर्षातून एकदा तपासायचं असतं. वेळेवर दिसलं तर थोडं खरवडून पुन्हा भरता येतं.

"ताईंनी गेल्या सुट्टीत तपासलं नव्हतं?"

इस्मत, हैदराबादची माझी मदतनीस, शेजारी ट्रे लावत होती.

"तपासलं," ते म्हणाले. "पण त्या दिवशी ती बोलली नाही. अख्खा वेळ गप्प. हात थरथरत होता तिचा. हिरडीला दोनदा लागलं. म्हणाली, अवजारं जुनी झाली आता. मी म्हटलं, हो, नवीन घे." त्यांनी गालावर हात ठेवला. "घरी चहाचा कपसुद्धा ती दोन हातांनी धरत होती. ना ती काही बोलली, ना मी विचारलं."

आता मला सगळं उलगडलं. दाढ सहा महिन्यांपासून तरी ठणकत असणार. दुसऱ्या कोणाकडे गेलं तर तिला कळणार की आपल्या हाताचं याला समजलंय. तिच्याकडे गेलं तर तिला त्या हाताने रूट कॅनाल करावं लागणार, नाहीतर जमत नाही म्हणून सांगावं लागणार. म्हणून हा शहाणा माणूस गोळ्या गिळत बसला होता.

"गायधनी, तीन आठवडे थांबलात तर ही दाढ राहणार नाही," मी म्हटलं. "आज उघडली, पू काढला, तर मी वाचवू शकेन. नाहीतर त्यांच्यासमोर जाऊन बसाल तेव्हा तिथे भोक असेल. त्यांनी केलेलं काम कचऱ्याच्या डब्यात गेलेलं त्यांना चालेल?"

हे जरा लागेल असंच बोलले. त्यांना ती दाढ हवी होती आणि बायकोचा मानही हवा होता, आणि दोन्ही एकदम कसं राखायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"फोन लावा त्यांना," मी म्हटलं. "पूर्वी ज्यांनी काम केलंय त्यांना विचारूनच मी दाढ उघडते. ही आमची रीत आहे."

रीत वगैरे काही नाही. पण विचारणं चुकीचंही नाही.

नाशिकला तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. व्हिडिओ कॉलवर चष्मा लावलेल्या, केस पिकलेल्या एक बाई दिसल्या. "अहो, काय झालं? गाल का सुजलाय?" मी फोन घेतला, ओळख सांगितली आणि एक्स-रे पुढे धरला. त्यांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाल्या, "जरा जवळ आणा." आणि आवाज बदलला, डॉक्टरचा झाला.

"या दाढेला आतल्या बाजूला एक जास्तीचं मूळ आहे, बारीक. एक्स-रेत चटकन दिसत नाही. मी भरताना बघून ठेवलं होतं. ते शोधा हं, ते राहिलं तर पुन्हा सुजेल."

पुन्हा निरखून पाहिलं, खरंच एक पुसट रेघ होती. मला ते दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, तुम्ही थांबाल का फोनवर?"

"मैं पकडतूं ना मॅडम," म्हणत इस्मतने फोन माझ्या खांद्याजवळ धरला. मी भूल दिली, खुर्ची आडवी केली. फोनमधून आवाज आला, "शेखर, आ कर. मोठा. लाजू नकोस."

त्यांनी असा आ केला की मला ओठ धरावा लागला नाही.

मी दाढ उघडली, पू काढला, मुळं शोधू लागले. तीन सापडली. "अजून थोडं जिभेच्या बाजूला," मंजिरीताई म्हणाल्या, आणि तिथे त्या चौथ्या मुळाचं तोंड होतं. मग मी एकेक मूळ साफ करत गेले, आणि त्या बोलायला लागल्या. आंब्याला मोहर आलाय. तन्वीला प्रमोशन मिळालं, ती तुला सांगणार नाही, तुला काही विचारायचं सुचत नाही म्हणते. शेजाऱ्यांनी गाडी पुन्हा आपल्या फाटकासमोर लावली. मी कामात होते, पण ऐकतही होते, आणि मला अशीच कामाच्या नादात बोलत राहणारी माझी आई आठवत होती.

तेवढ्यात त्याच सुरात, मध्ये न थांबता त्या म्हणाल्या, "आणि मी दिवाळीपासून पेशंट घेत नाही. हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, हे आता राहणारच. दवाखाना एका मुलीला चालवायला दिलाय. तुला सांगायचं राहिलं."

माझा हात थांबला. गायधनींच्या डोळ्यातून पाणी निघून कानाकडे ओघळलं. "दुखतंय का?" मी विचारलं. त्यांनी बोट हलवून नाही म्हटलं. मग तोच हात वर करून त्यांनी फोनच्या दिशेने धरला, नुसता. त्यांना उत्तर देता येणार नाही हे बघूनच त्या बोलल्या होत्या.

"डॉक्टर," थोड्या वेळाने त्या मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी दात साफही करून टाका. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवू नका." आणि फोन बंद झाला. इस्मत ओढणीने डोळे पुसत होती.

पुढच्या गुरुवारी ते आले तेव्हा सूज उतरली होती. मी मुळं भरली, वर तात्पुरतं सिमेंट लावलं, कॅप बसवेपर्यंत त्या बाजूने खजुरासारखं चिकट काही खाऊ नका, रात्री ब्रश केल्याशिवाय झोपू नका, असं नेहमीचं सगळं सांगितलं. मग विचारलं, "ताईंशी बोलणं झालं?"

"त्यावर नाही. ती बोलली, मी ऐकलं. आमचं असंच असतं."

मी कीटण काढायचं मशीन घेतलं आणि मागच्या दाढांपासून सुरुवात केली. खालच्या पुढच्या दातांशी आले. सगळ्यांचं तिथेच जास्त साठतं, यांचं बिनदुधाच्या सुलेमानी चहाने तपकिरी झालेलं. तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"हे पुढचे राहू द्या."

"का? झोंबतंय?"

"हे तिला करू दे. ती मशीन वापरत नाही, हाताने करते. अर्धा दिवस लागला तरी चालेल, मला सुट्टीच असते."

"आणि हात थरथरला तर?"

"थरथरू दे. हिरडीच आहे, भरून येते." मग अगदी हळू म्हणाले, "नाहीतर मी तिथे कशाला बसू, डॉक्टर? ती बोलणार कधी?"

मंजिरीताईंचं शेवटचं वाक्य माझ्या कानात होतं. माझं सगळं शिक्षण एका बाजूला होतं, आणि ते खालचे सहा दात एका बाजूला. मी मशीन जागेवर ठेवलं. इस्मत माझ्याकडे बघत राहिली, माझी भाषणं तिला तोंडपाठ आहेत.

"बरं," मी खुर्ची सरळ करत म्हटलं. "पुढचे दात सुट्टीत दाखवा."