कांदाचाळीतली कॉफी

उज्वला पिंगळे म्हणजे घरातलं पक्कं नाक. कोथिंबिरीची जुडी कालची की आजची, हे हात न लावता सांगणारी बाई. त्याच नाकानं तिला ऐन मोक्याला दगा दिला.

पेठ रोडला पिंगळ्यांचा मळा. नवरा रविराज भाजीपाला आणि कांदा करतो, सासू सिंधुबाई सगळ्यांवर हुकूम चालवतात, आणि उज्वला व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेऊन नाशकात घरपोच भाजी देते. गेल्या दिवाळीआधी ती गिऱ्हाइकांसाठी नागली आणायला पेठकडच्या एका पाड्यावर गेली. तिथं हिरामण नावाच्या शेतकऱ्याच्या फणसांखाली तिला लाल फळांची झुडपं दिसली. कॉफी! कधीकाळी कुणी तरी रोपं वाटली होती, ती याच्याकडे जगली. फळं पाखरं खात होती. हिरामणचा धाकटा भाऊ सहादू कुऱ्हाड घेऊनच बसला होता. झुडपं तोडू आणि आंब्याची कलमं लावू, हा त्याचा रोजचा घोशा.

"एक साल थांबा, भाऊ," उज्वला म्हणाली. "मी विकून दाखवते."

झालं, शब्द दिला! आता माघार कशी घेणार? लेक हर्षालीनं फोटो काढून ऑनलाइन दुकान थाटून दिलं. उज्वलानं भाजायचं छोटं मशीन आणलं, मोबाइलवर बघून शिकली, विकतच्या बियांच्या पहिल्या चार खेपांचा कोळसा केला. हिरामणच्या घरच्यांनी पिकलेलं तेवढंच फळ एकेक करून खुडलं, वाळवलं, सोललं आणि फेब्रुवारीत पोतं तिच्या हवाली केलं.

"एवढाच हाय माल, ताई," हिरामण म्हणाला. "हा नाय खपला तर सहादूला मी अडवणार नाय."

पोतं ठेवायचं कुठं? पिंगळ्यांच्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर असतं, कांदाचाळ. फटीफटीच्या भिंती, खालूनवरून खेळता वारा, ओल म्हणून नाही. बियाणं असो की लग्नातली मोठी पातेली, सगळं तिथंच. "चाळीत ठेवलेलं कधी नासत नाही," सिंधुबाई म्हणाल्या, आणि आजवर ते खरंही होतं. चाळ तेव्हा रिकामी होती. एप्रिलात शेजारच्या कप्प्यांत उन्हाळ कांदा गच्च भरला. तो भरणाऱ्या रविराजच्याही डोक्यात काही आलं नाही.

मे महिन्यात चाळीस पुडे गेले. मुंबई, पुणे, एक तर थेट इंदूरला! उज्वलाचे पाय जमिनीला लागेनात. मग निरोप यायला लागले. पहिल्या गिऱ्हाइकानं भीतभीत विचारलं, "कॉफीला कांद्याचा वास येतोय, की मलाच भास होतोय?" दुसऱ्यानं भीडभाड ठेवली नाही.

उज्वलानं पुडा फोडून हुंगला. काही नाही. रविराजनं हुंगला. "झकास आहे की!" सिंधुबाईंनी हुंगला आणि फणकारल्या, "त्यांच्याच हाताला असेल कांदा."

अहो, येणार कसा वास? जन्म कांद्यात गेलेली माणसं ती! उठल्यापासून निजेपर्यंत जे नाकात असतं, त्याचा कुणाला वास येतो होय? हे उज्वलाच्या ध्यानात आलं आणि ती तडक चाळीत जाऊन कॉफीच्या कप्प्याशेजारचा कांद्याचा ढीग बघून आली.

"लिही ना, माल पाड्यावरूनच तसा आला म्हणून," रविराज म्हणाला. "हिरामणला थोडंच कळणार आहे?"

उज्वला भडकली. "त्यानं एकेक फळ निवडून दिलं आणि नाव त्याचंच घालवू? लाज नाही वाटत?"

तिनं चाळीसच्या चाळीस गिऱ्हाइकांना लिहिलं की माल चोख होता, तो मी कांदाचाळीत ठेवला, चूक माझी, पैसे परत करते. मग हिरामणला फोन लावून तेच सांगितलं. "बरं," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. झुडपांवर कुऱ्हाड पडली असं समजून उज्वला मनसोक्त रडली.

तिसऱ्या दिवशी रस्त्यावर जीप थांबली आणि हिरामण खांद्यावर पोतं घेऊन उतरला. पण फाटकातून आत येईना.

"सगळा माल दिला म्हणलो व्हतो," तो खाली बघत म्हणाला. "नव्हता दिला. निम्मा घरी ठेवला. म्हणलं, शहराकडची बाई, काय भरवसा? तुम्ही चूक अंगावर घेतली तवा लय वाईट वाटलं."

रागवावं की पाया पडावं, उज्वलाला कळेना.

सिंधुबाईंनी त्याला आत घेतलं आणि लगबगीनं आपलं लोखंडी कपाट उघडलं. "यात ठेव, बाबा." हिरामणनं जवळ जाऊन नाक मुरडलं. डांबरगोळ्या! धान्याची कोठी दाखवली, तर तिथं हिंगाचा डबा.

"एका भाजणीपुरतं घ्या," तो शेवटी म्हणाला. "बाकीचं माघारी नेतो. लागंल तसं दर आठवड्याला आणून देईन."

उज्वलाचं तोंड एवढंसं झालं. "बरोबर आहे. आता कसा ठेवाल भरवसा?"

"भरवसा हाय, ताई. नाक नाय तुमच्याकडं!" हिरामण हसला आणि पोत्याचं तोंड बांधता बांधता म्हणाला, "सहादूला सांगितलंय, कुऱ्हाड ठेव अन् खड्डे घे. यंदा पावसात नवी रोपं लावायचीत."

डोळे पुसत उज्वलानं सासूला हाक मारली, "आई, पानं घ्या. भाऊ जेवून जातील."