पोपट नकोत, म्हणाले साहेब

चार मास्तर चहाला बसले की पोरांच्या अकलेचे किस्से निघतात. आमचे मात्र बहुतेक आमच्याच अकलेचे निघायचे! मी अमरावतीच्या एका हायस्कुलात शिकवायचो, तेव्हा नागपूरहून नवे इन्स्पेक्टर साहेब शाळा तपासायला आले. जाताना हुकूम सोडून गेले, "घोकणारे पोपट नकोत! मुलं विचार करतात की नाही, ते कळेल असे नवे प्रश्न काढा."

हेडमास्तर घाबरले. लगेच मीटिंग! कोणीतरी विचारलं, "नवे प्रश्न म्हणजे कसे जी?"

हेडमास्तर म्हणाले, "मागच्या वर्षीचे पाहून काढा!"

*

इतिहासाचे जोगळेकर मास्तर पुण्याचे. त्यांचा प्रश्न होता, 'तुम्ही अकबर असता तर काय केले असते?' शाळाभर वाहवा झाली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या वर्गावरून चाललो होतो. आतून आवाज आला, "उगाच डोकं चालवाल तर चुकाल. लिहून घ्या. मी अकबर असतो तर..."

*

भूगोलाचे मास्तर रोज बडनेऱ्याहून गाडीनं यायचे. त्यांनी विचारलं, 'बडनेरा स्टेशनावर एवढे प्रवासी का थांबलेले असतात?' जंक्शन आहे म्हणून, हे उत्तर हवं होतं. एकानं लिहिलं, 'आपली गाडी सुटून गेलेली रायते म्हणून.'

त्या दिवशी मास्तरांचीही सुटली होती. पूर्ण मार्क!

*

अकोल्याच्या शाळेतही तोच हुकूम. तिथले माझे स्नेही पाठक मास्तर मराठी शिकवायचे. त्यांनी प्रश्न घातला, 'मुलांना छडी मारावी काय? स्वतःचे मत लिहा.' एका पोरानं लिहिलं, 'मास्तरचं जे मत, तेच माहं.'

पाठक भडकले. "गाढवा, स्वतःचं कावून नाही लिहिलं?"

"कसं लिवू जी? छडी तं तुमच्या हातात हाय!"

*

वर्षभरानं साहेब पुन्हा अमरावतीला आले. वलगावचा गंगाराम वर्गात सारखे प्रश्न विचारायचा. हेडमास्तरांनी त्याला मागच्या बाकावर बसवून बजावलं, "आज तोंड उघडलंस तर शाळेतून नाव काढीन!"

साहेब वर्गात शिरले. म्हणाले, "आज मी विचारणार नाही, तुम्ही मला विचारा. चांगला प्रश्न विचारेल तो खरा हुशार."

पोरं हेडमास्तरांकडे पाहू लागली. हेडमास्तर घाम पुसत होते. साहेब म्हणाले, "एकालाही काही विचारायचं नाही?"

गंगाराम उठला.

"साहेब, आमाले तपासाले मास्तर. मास्तरले तपासाले तुमी. तुमाले तपासाले कोन येते जी?"

साहेबांनी टोपी उचलली. दारात थांबून हेडमास्तरांना म्हणाले, "या वर्गात शिस्त फार कमी आहे."