वन्संचा कडक पाव

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी मारुंजीला लेकीच्या, मुक्ताच्या, भाड्याच्या फ्लॅटवर होते. आदल्या दिवशी चिखलीहून निघताना त्यांनी मला खुणेने थांबवलं होतं. आवाज फार बारीक झाला होता, म्हणून मी कान जवळ नेला. "मुक्तीला इचार," त्या म्हणाल्या, "तिकडं फ्रान्सात पिठात मीठ आधी घालत्यात का मागनं?" मुक्ताने रात्रीच शोधून उत्तर सांगितलं होतं. काही जण आधी घालतात, काही पीठ भिजून मुरल्यावर. ते घेऊन मी सकाळी परत जाणार होते...

मंदावन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत वैधव्य आलं आणि त्या चिखलीला माहेरी परतल्या, ते कायमच्या. धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, दत्तूला, त्यांनीच वाढवलं. घरच्या शेतात पुढे वर्कशॉपच्या शेड उभ्या राहिल्या. बाकीच्यांना तिथला आवाज नकोसा व्हायचा, वन्सं मात्र दारात उभ्या राहून लेथचं यंत्र पाहत राहायच्या. "पोलाद असं लोण्यावानी कसं कापतंय?" त्यांना सगळ्याचं 'कसं' लागायचं. शाळा चौथीत सुटली, प्रश्न सुटले नाहीत.

एका रविवारी मुक्ताने वर तिरक्या चिरा पाडलेला लांबट फ्रेंच पाव आणला. दत्तूंनी एक तुकडा चावला आणि "दात पडतील" म्हणून बाजूला ठेवला. वन्संनी मात्र तो उलटा केला, वास घेतला, बोटाने दाबला. वरून खापरासारखा, आत कापसासारखा. एकाच पिठाचं, एकाच आगीवर हे दोन तऱ्हेचं कसं झालं, हे त्यांना कळेना. "आन् ह्या चिरा कशापायी?" मुक्तालाही ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात वन्संनी घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये बिनचिरांचा पाव करून पाहिला. तो कडेने फुटला. "वाट न्हाई दिली तर कुठनं तरी फुटणारच की," म्हणून त्या हसल्या. चिरांचं कोडं सुटलं, पण वरचं कवच काही जमेना. पाव फिका निघायचा आणि निवला की मऊ पडायचा. आम्ही तो चहात बुडवून खात राहिलो.

मग त्यांना घास अडकायला लागला. अन्ननलिकेचा आजार निघाला. डॉक्टरांनी पातळ पेज, सूप एवढंच सांगितलं. जे खाता येणार नाही त्याचा वास तरी कशाला, असं म्हणून दत्तूंनी ओव्हन माळ्यावर ठेवून दिला. हेतू चांगलाच होता. पण वन्संनी बोलणं सोडलं. पेज समोर निवून जायची. दोन-तीन दिवस हे पाहून दत्तू त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आक्का, काय पाहिजे तुला?"

"घास उतरंना, दत्तू. डोस्कं न्हाई बंद पडलं माझं," त्या म्हणाल्या. "खायाचं न्हाई म्हनून इचारायचं पन न्हाई व्हय?"

दत्तू उठले, शिडी लावली आणि ओव्हन खाली काढला.

त्यानंतर वन्सं खुर्चीत बसून सांगायच्या आणि मी पीठ भिजवायची. एकदा मी भाकरी करताना तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवला, तर त्या एकदम म्हणाल्या, "थांब शैला. हे पानी आपन का लावतो?" वरचा पापुद्रा आधीच वाळू नये म्हणून, मी म्हटलं. "मग त्या पावाला कोन लावतंय पानी?" मग त्यांनी बिडाचं झाकणाचं भांडं काढायला लावलं. भांडं आधी ओव्हनमध्ये कडक तापवायचं, पाव आत ठेवून झाकण लावायचं, पिठातलीच वाफ आत कोंडू द्यायची, फुगला की झाकण काढायचं. त्या दिवशी पाव भांड्यातून निघाला तो तांबूस, टणक, आणि निवताना तडतडत. आम्ही सगळे वाकून ऐकत राहिलो. वन्संचे डोळे लकाकत होते... त्यांना त्यातला कणही खाता येणार नव्हता.

"दत्तू, तू खा. आन् सांग."

"छान झालाय, आक्का."

"छान म्हंजी कसा? नीट सांग की. वरचं मोडतंय का चिवट हाय?"

दात पडतील म्हणणारा हा माणूस मग डोळे मिटून चावू लागला आणि एकेक घासाचं वर्णन करू लागला. वरचं काचेसारखं मोडतंय, जराशी करपल्याची चव आहे, आत ओलसर आहे, थोडं आंबूस. वन्सं ऐकताना मान हलवायच्या, मधेच थांबवून पुन्हा विचारायच्या. शेवटचे काही महिने दर रविवारी हेच चाललं. अबोल स्वभावाचे आमचे हे इतकं बोलू शकतात, हे मला त्या रविवारांनी दाखवलं.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. परवा मी पाव केला. दत्तूंनी कडेचा तुकडा मोडला, चावला आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, "आज जरा जाड झालंय वरचं. पण जाळी बरी पडलीय." कुणी विचारलं नव्हतं. ते थोडं थांबले... आणि आंबूसपणाबद्दल सांगू लागले.