चित्र बघून वाचलेली बाटली

शिरोळजवळच्या वस्तीवर १९९३ साली साक्षरता वर्ग सुरू झाला, तेव्हा अंबूबाई चाळिशीला आली होती. शिकवायला गावातलीच, बारावी झालेली विद्याश्री होती. पुस्तकात प्रत्येक धड्याला चित्र.

"काय लिहिलंय, मावशी?"

"बाई पाणी भरतीया," अंबूबाई ठासून सांगायची.

छापलेलं असायचं, 'सुमन पाणी गाळते.' बाकीच्या बायका अक्षराअक्षराला अडखळायच्या, ही धाडधाड बोलायची. अर्थ जवळपास जुळतोय म्हणून विद्याश्री पान उलटायची.

"मला वाचाय येतंय की आता," अंबूबाईनं नवऱ्याला, आकारामला सांगितलं. तिला ते खरंच वाटत होतं.

आकाराम ऊस घेऊन कारखान्यावर गेला होता, त्या दिवशी गाय फुगली. कोनाड्यात दोन बाटल्या होत्या. पोटफुगीच्या औषधावर नुसती अक्षरं होती. दुसरं औषध गोचिडांसाठी अंगाला लावायचं; त्यावर गाईचं चित्र होतं. अंबूबाईनं चित्र बघितलं आणि तीच बाटली गाईच्या घशात ओतली.

गाय तडफडून मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी बाटली उचलली. "पोटात देऊ नये, असं लिहिलंय की यावर. वाचलं न्हाईसा?"

"वाचलं की," ती म्हणाली. "गाय हाय त्यावर."

हे कानावर आल्यावर विद्याश्री अंबूबाईच्या घरी आली. पुस्तकातल्या चित्रावर तिनं तळहात ठेवला. "आता वाचा, मावशी." अंबूबाई तिच्या बोटांच्या फटीतून चित्र शोधू लागली. विद्याश्रीचे डोळे भरून आले. तिनं सगळ्या चित्रांवर कागद चिकटवले आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली. वर्ग बंद पडला तरी ती येत राहिली. अंबूबाई खरंखुरं वाचू लागली, बोट ठेवून, सावकाश.

पण गाय गेल्यापासून आकारामनं तिला काही वाचायला दिलं नाही. पुढं त्याला साखरेचा आजार झाला. गोळ्यांच्या पाकिटावर दुकानदारानं मराठीत लिहिलेलं असायचं. एकदा तिनं वाचून दाखवलं, "सकाळी, जेवणाआधी."

"ऱ्हाऊ दे," म्हणत त्यानं पाकीट हळूच काढून घेतलं आणि ते वाचून घ्यायला शेजारच्या मृत्युंजयकडं गेला. परत येऊन म्हणाला, "बरोबर हाय तुझं." पुढच्या वेळीही तो मृत्युंजयकडंच गेला. तो चिडला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

२००७ साली आकाराम गेला. नंतर तिलाही तोच आजार झाला; आता गोळ्या तिच्या होत्या. पाकीट ती स्वतः नीट वाचायची, आणि मग मृत्युंजयच्या दारात जाऊन उभी राहायची.