गाडी घाटी चढते, लीला उतरल्यावर

मसुऱ्याच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून वरच्या वाडीकडे वळलं की घाटी लागते. उभा चढ, खाली जांभा, वर कधीकाळी घातलेलं आणि आता उखडलेलं सिमेंट. घाटीच्या डोक्यावर हरिश्चंद्रांचं घर आणि अंगणात त्यांची लाल रंगाची लहानशी गाडी. गाडीचं वय झालेलं. घाटीच्या पायथ्याशी काजूचं झाड आहे, तिथे ती थांबते. हरिश्चंद्र समोर बघत म्हणतात, "उतर गो. इंजिनाक भार येता." आणि त्यांची बायको लीला दार उघडून उतरते.

पिशवी उतरत नाही. पिशवीतले बांगडे गाडीत बसून घरी जातात, नारळ जातात, हरिश्चंद्रांची छत्रीसुद्धा मागच्या सीटवर ऐसपैस आडवी होऊन जाते. लीला दुखरा गुडघा धरून मागून चढत येते, मध्यावर जरा टेकते, परत उठते. ती घरी पोचेपर्यंत हरिश्चंद्र हातपाय धुऊन पडवीत बसलेले असतात. वर विचारतात, "इतको वेळ खंय होतंस?"

लीलाला या माणसाचा राग येत नव्हता असं कोणी समजू नये. चांगला सणसणीत येत होता. तिला काही विमानात बसायचं नव्हतं. गाडीत बसून आपल्या अंगणात उतरायचं, एवढीच तिची इच्छा. आणि शेजारची किशोरी तुळशीपाशी उभी राहून बघत असताना उतरायचं. कारण ही किशोरी दर खेपेला न चुकता विचारायची, "काकी, गाडी पुढे इली, तुमी मागसून?"

हरिश्चंद्र कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर या टेबलावरचा कागद त्या टेबलावर नेला आणि त्यालाच काम म्हटलं. गाडी चढत नाही हे त्यांना मान्य होतं, पण गाडीत खोट आहे हे मान्य नव्हतं. खोट घाटीत होती. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी कट्टा गावच्या जितेंद्र मेकॅनिकने बॉनेट उघडून सांगितलं, "काका, दोन उपाय आसत. ह्याच इंजिन खोलून बोअर मारूया, नवे पिस्टन घालूया. नायतर ह्या काढून मोठा इंजिन बसवया. तुमी सांगशात तसा."

असा प्रश्न हेडक्लार्कच्या हाती द्यायचा नसतो. "घाय करून चलाचा नाय," ते म्हणाले, "विचार करूक होयो." आणि विचार सुरू झाला. जुनंच इंजिन बांधून घेतलं तर गाडी मूळची राहील, पण परत दमली तर? मोठं बसवलं तर जोर येईल, पण त्या जोराला जुना गिअरबॉक्स, जुने ब्रेक पुरतील? आरटीओकडे इंजिनचा नवा नंबर चढवायचा कसा? प्रश्न काही वाईट नव्हते. फक्त उत्तर ऐकून घ्यायची हरिश्चंद्रांची तयारी नव्हती. सलूनमध्ये इंजिन, बारशाला इंजिन, मयताला गेले तर तिथेही खांदेकऱ्यांना गाठून इंजिन. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. सकाळी जुनं बांधायचं ठरे, संध्याकाळी बदलायचं. काजूला मोहोर आला, बोंडू पिकले, बिया विकल्या गेल्या, आणि त्याच काजूखाली लीला उतरत राहिली.

मग एक दिवस त्यांना सुचलं की देवाला कौल लावावा. लग्न, विहीर, जमिनीचा तंटा, काहीही अडलं की या मुलखात गावदेवाला विचारतात. पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि कुठली आधी पडते ते बघायचं. पण इंजिन? लीलाने कपाळावर हात मारला. तरी ती गेली, कारण देवासमोर तरी खरं काय ते निघेल असं तिला वाटलं.

शिवा गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या गाडयेक दम नाय. इंजिन बांधूचा काय बदलूचा, हो गुंतो तू सोडव. गाडयेची चाका सांभाळ, बिरेक सांभाळ, पुढचो दिवो सांभाळ. घाटयेर चढता-उतरताना राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हरिश्चंद्र ओरडले.

लीला मागे उभी राहून कान देऊन ऐकत होती. चाकं झाली, ब्रेक झाले, दिवासुद्धा झाला. ज्या गुडघ्यावर घाटी चढली जात होती, त्याचं नाव काही आलं नाही. तिला रडू आलं, आणि अशा माणसापायी रडू आलं म्हणून स्वतःचीच चीड आली.

उजवी पाकळी पडली तर नवं इंजिन, डावी पडली तर जुनंच बांधायचं, असं ठरलं होतं. डावी पडली. हरिश्चंद्रांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मोठं इंजिनच हवं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. "देवाक नीट समाजला नाय," ते म्हणाले. शिवाने बाजू बदलून परत विचारलं. आता उजवी म्हणजे जुनं, डावी म्हणजे नवं. परत डावीच पडली.

"बघलंस? देवान कौल दिलो!" हरिश्चंद्र लीलाकडे वळून म्हणाले. देव बिचारा काय करणार? हेडक्लार्कपुढे त्याचंही चालत नाही.

यथावकाश मोठं इंजिन बसलं, कागदपत्रंही रीतसर झाली. पहिल्या चढाला इंजिन कसं बोलतं ते ऐकायला जितेंद्र सोबत निघाला. स्टिअरिंगवर हरिश्चंद्र, शेजारी जितेंद्र, आणि मागे मांडीवर बांगड्यांची पिशवी घेऊन लीला. तिने मुद्दाम ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. कट्ट्यापासून गाडी छान पळाली. मग काजूचं झाड आलं आणि गाडी थांबली.

"उतर गो."

"आता कित्याक?" लीला म्हणाली. "नवा इंजिन हा मां?"

"नवा हा म्हणानच! पयल्यांदा भार घालूचो नसता. जरा रुळांदे."

जितेंद्र खिडकीबाहेर बघू लागला. लीलाचा हात सवयीने दाराकडे गेला होता, तो तिने मागे घेतला. सीटबाहेर आलेली ती रुंद पाठ, स्टिअरिंगला टेकलेलं ते पोट तिने नीट बघून घेतलं. मग आपली काडीसारखी मनगटं बघितली. इतकी वर्षं हे आपल्याला दिसलं कसं नाही, याचं तिला नवल वाटलं.

"भार कमी करूचो आसा ना?" ती म्हणाली. "मगे तुमी उतरा. तुमी माझ्या दुप्पट आसास. जितू चालवता."

"मी उतरू? गाडी माझी!"

"भार पण तुमचोच. मी नाय उतरूचंय."

हरिश्चंद्रांनी जितेंद्रकडे बघितलं. जितेंद्रने आपल्या बाजूचं दार उघडलं आणि वळसा घालून स्टिअरिंगपाशी येऊन उभा राहिला. भाराचा नियम हरिश्चंद्रांनीच घातलेला, आणि दुसरं काही जमलं नाही तरी हेडक्लार्कला आपला नियम मोडवत नाही. ते उतरले. छत्री न्यायचीही त्यांना आठवण राहिली नाही.

गाडी गुरगुरत घाटी चढली आणि अंगणात थांबली. लीला उतरली, किशोरी तुळशीपाशी उभी असताना, पदर सावरत, सावकाश उतरली.

"काकी, काका खंय?"

"येतत मागसून," लीला म्हणाली.

हरिश्चंद्र बऱ्याच वेळाने आले. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा लालबुंद. पडवीत बसून दोन तांबे पाणी प्याले, तेव्हा कुठे आवाज फुटला.

"घाटयेच्या मदी बसाक एक बरो धोंडो आसा गो. तो नसतो तर माझा काय खरा नव्हता. कोणी ठेवल्यान तो थंय?"

"मीच," बांगडे साफ करता करता लीला म्हणाली. "तुमचो विचार चललो होतो तेव्हा."